साहेबाची बाटली

आमच्या घरात वारसा म्हणून दाखवावं असं फारसं काही नव्हतं. गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्या, एक शिसवी कपाट, तांब्याचा बंब आणि व्हिस्कीची एक न उघडलेली बाटली. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा बंब मोडीत गेला, कपाट चुलतभावाने नेलं. बाटलीचा प्रश्न मात्र सुटेना, कारण तिच्यामागे एक कथा होती.

कथा अशी. आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, फोर्टातल्या एका इंग्रज कंपनीत हेडक्लार्क होते. १९४७ साली त्यांचा साहेब कायमचा विलायतेला निघाला. निघताना त्याने अण्णांच्या हाती ही बाटली ठेवली. अण्णांना सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. पण साहेबाची भेट टाकायची कशी? म्हणून त्यांनी ती जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. आम्ही नातवंडांनी ही कथा इतक्यांदा ऐकली होती की त्या साहेबाची मिशीसुद्धा आम्हाला ठाऊक होती.

नोव्हेंबर २०२३मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात मॅकॅलन १९२६ या व्हिस्कीची एक बाटली जवळपास २२ लाख पौंडांना गेली. ती बातमी वाचून चुलतभावाचा फोन आला. "ताई, आपली सत्तेचाळीसची आहे. त्याआधी साहेबाकडे किती वर्षं पडून असेल, देव जाणे." त्याची नोकरी नुकतीच सुटली होती आणि लेकीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं बाकी होती. त्यामुळे त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. बाटली माझ्याकडे आली ती मला दारूतलं काही कळतं म्हणून नव्हे. मी बरीच वर्षं बिनतारखेची मोडी पत्रं लावत बसले आहे आणि 'हिला जुन्या वस्तूची तारीख काढता येते' असा घरात समज आहे, म्हणून.

मुरणं कुठे थांबतं?

पहिला भ्रम माझाच गळून पडला. लोणचं बरणीत मुरतं, तशी व्हिस्की बाटलीत मुरते असं मी धरून चालले होते. तसं नसतं. व्हिस्की मुरते ती ओक लाकडाच्या पिंपात. तिथे ती लाकडाचा रंग आणि वास घेते, लाकडातून थोडा श्वास घेते, आणि दर वर्षी तिचा थोडा अंश हवेत उडून जातो. या उडणाऱ्या भागाला स्कॉटलंडचे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. तिथल्या थंडीत तो वर्षाला दोनेक टक्के असतो, आपल्याकडच्या उष्णतेत त्याच्या कितीतरी पट. व्हिस्की काचेत भरली की हा सगळा व्यवहार थांबतो. बारा वर्षं मुरलेली व्हिस्की ट्रंकेत आणखी साठ वर्षं राहिली तरी तिचं वय बाराच. तिला 'स्कॉच' म्हणवून घ्यायला किमान तीन वर्षं पिंपात काढावी लागतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५-१६मध्ये, ब्रिटिश सरकारने घातलेल्या बंधनातून हा नियम आला.

तेव्हा जुन्या बाटलीबाबत दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. आतला द्रव किती वर्षांचा, हा एक. तो बाटलीत कधी भरला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लेबल देईल तेवढंच. दुसऱ्याचं उत्तर मात्र बाटलीच्या अंगावर सगळीकडे लिहिलेलं असतं.

याच्या आधीची नाही, याच्या नंतरची नाही

बिनतारखेच्या पत्राचा काळ ठरवताना आम्ही दोन कुंपणं घालतो. पत्रात एखाद्या लढाईचा उल्लेख असेल, तर ते पत्र तिच्याआधीचं नाही. एखाद्या माणसाला 'चिरंजीव असोत' म्हटलं असेल, तर ते त्याच्या निधनानंतरचं नाही. मग ही कुंपणं जवळ जवळ आणत जायचं. बाटलीलाही हीच रीत लागू पडते.

धोतराचा तुकडा सोडला. चौकोनी बाटली, तिरपं चिकटवलेलं लाल लेबल, टोप घालून ढांगा टाकत निघालेला माणूस. जॉनी वॉकर रेड लेबल. जॉन वॉकर यांचं मूळ किराणा दुकान किल्मार्नोक गावात १८२०मध्ये सुरू झालं. चौकोनी बाटली पुढच्या पिढीत, १८६०च्या सुमारास आली. खोक्यात जागा कमी लागते आणि फूटतूटही कमी होते, असा त्यामागचा व्यापारी हिशेब. ढांगा टाकणारा माणूस टॉम ब्राउन या चित्रकाराने १९०८मध्ये रेखाटला आणि 'रेड लेबल', 'ब्लॅक लेबल' ही नावं १९०९ची. म्हणजे पहिलं कुंपण १९०९. अजून साहेब सुरक्षित होता.

मग लेबलावरचं राजचिन्ह पाहिलं. या कंपनीला राजघराण्याच्या पुरवठादाराचा मान १९३४मध्ये पाचव्या जॉर्जकडून मिळाला. कुणाच्या नावाने हा मान मिरवला आहे, हे चिन्हाखालच्या ओळीत लिहिलेलं असतं, आणि संग्राहकांच्या दृष्टीने ती ओळ सोन्याची. सहावा जॉर्ज फेब्रुवारी १९५२मध्ये वारला. त्यानंतर काही काळ लेबलांवर 'दिवंगत राजे सहावे जॉर्ज' असा मजकूर येत होता. त्यापुढच्या लेबलांवर राणीचं नाव आलं. आमच्या बाटलीवर भिंगाखाली 'हर मॅजेस्टी द क्वीन' स्वच्छ वाचता येत होतं.

मी भिंग खाली ठेवलं. १९४७मध्ये इंग्लंडच्या गादीवर राजा होता. साहेबाने अण्णांना ही बाटली देणं शक्यच नव्हतं.

पुढचं कुंपण मापाचं. हल्ली टक्क्यांत लिहिलेली तीव्रता या बाटलीवर 'प्रूफ'च्या अंशांत होती, ७५ अंश. ब्रिटिश पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के अल्कोहोल. दारू बंदुकीच्या पुडीवर ओतूनही पुडीने पेट घेतला, तर दारू अस्सल, या जुन्या परीक्षेशी या शब्दाचं नातं सांगतात. त्या हिशेबाने ७० प्रूफ म्हणजे आजचे ४० टक्के आणि ७५ प्रूफ म्हणजे सुमारे ४३. ब्रिटनने १ जानेवारी १९८०पासून प्रूफ सोडून टक्के स्वीकारले. आकारमानही औंसांत होतं: २६ पूर्णांक दोन-तृतीयांश. हा विचित्र आकडा म्हणजे ब्रिटिश गॅलनचा सहावा भाग, सुमारे ७५७ मिलिलिटर. मागचं कुंपण असं १९८०वर आलं.

इथे आपल्याकडच्या वाचकाने एक सापळा टाळावा. युरोपात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ७० सेंटिलिटरची बाटली रूढ झाली. त्यामुळे तिकडच्या बाटलीवर ७५ सेंटिलिटर दिसलं की ती त्याआधीची, असा आडाखा तिकडचे जाणकार बांधतात. भारतात ७५० मिलिलिटर आजही चालतं. इथे विकलेल्या बाटलीला हा आडाखा लावला, तर कालची बाटलीही जुनी ठरेल.

तिसरी खूण झाकणाची. एके काळी व्हिस्कीला वाइनसारखं पूर्ण आत ठोकलेलं बूच असे आणि ते काढायला मळसूत्र लागे. टीचर्स कंपनीने १९१३मध्ये हाताने उपसता येणारं, वर टोपी असलेलं बूच आणलं. व्हाइट हॉर्सने १९२६मध्ये फिरकीचं धातूचं झाकण आणलं आणि खप झपाट्याने वाढवला. जॉनी वॉकरसारख्या बऱ्याच मद्यांना मधल्या काळात चापाचं, म्हणजे स्प्रिंगचं झाकण असे. त्यांच्याकडे फिरकीचं झाकण सर्रास आलं ते साधारणतः साठच्या दशकात. आमच्या बाटलीला फिरकीचं झाकण होतं आणि त्याचं सील अभंग होतं.

ज्यांच्याकडे वेगळी बाटली असेल त्यांच्यासाठी आणखी दोन-तीन खुणा सांगते. 'या बाटलीची विक्री वा पुनर्वापर संघराज्याच्या कायद्याने निषिद्ध आहे' असं काचेतच इंग्रजीत उठवलेलं असेल, तर ती बाटली अमेरिकी बाजारासाठी भरलेली आणि १९३५ ते १९६४च्या दरम्यानची. तिथली दारूबंदी उठल्यावर रिकाम्या बाटल्यांत बनावट माल भरला जाऊ नये, म्हणून ही सक्ती होती. झाकणावरून गेलेली कराची कागदी पट्टी अमेरिकेत १९८५पर्यंत होती. पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड असेल तर बाटली फार जुनी नाही. दुकानात पहिला बारकोड वाचला गेला तोच जून १९७४मध्ये. देशी बाटलीवर 'डायर मीकिन' असं नाव असेल तर ती साठच्या दशकातल्या नामांतराआधीची. त्यानंतर ती कंपनी 'मोहन मीकिन' झाली.

पाठीवरची चिठ्ठी

१९५२ ते १९८० हे कुंपण फार रुंद होतं. झाकणामुळे ते १९६०च्या आसपास सरकलं. बाकीचं काम पाठीवरच्या एका चिठ्ठीने केलं. बोटभर कागद, निम्मा कसरीने खाल्लेला. दुकानाचं नाव गेलं होतं. उरलं होतं ते 'स्टीमर पॉइंट, एडन' आणि खाली पेन्सिलीने लिहिलेली किंमत. आकडा पुसट झालेला, पण शिलिंगची खूण स्पष्ट.

एडन हे सुएझच्या वाटेवरचं ब्रिटिश बंदर. मुंबईहून विलायतेला जाणारी जहाजं तिथे इंधन घ्यायला थांबत. बंदर जकातमुक्त होतं, म्हणून खलाशांपासून साहेबांपर्यंत सगळे स्टीमर पॉइंटच्या दुकानांत घड्याळं, कॅमेरे आणि दारू घेत. आपल्याला जवळचं वाटावं असं त्या बंदराचं एक वैशिष्ट्य म्हणजे, तिथे १९५१पर्यंत भारतीय रुपया चालत असे. त्या वर्षी त्याच्या जागी पूर्व आफ्रिकी शिलिंग आला आणि १९६५मध्ये शिलिंग जाऊन दिनार आला. पुढे जून १९६७मध्ये सुएझ कालवा बंद पडला, नोव्हेंबरात इंग्रज एडन सोडून गेले आणि त्या दुकानांची रया गेली.

म्हणजे किंमत शिलिंगात, तर खरेदी १९५१ ते १९६५मधली. झाकण फिरकीचं, तर १९६०च्या आगेमागे. दोन्ही कुंपणं आता हाताच्या अंतरावर होती. ही बाटली साधारण १९६० ते १९६५च्या दरम्यान एडनला कुणीतरी विकत घेतली होती.

अस्सल की नक्कल?

जुन्या बाटलीची तारीख लागली म्हणून ती खरी ठरत नाही. २०१७मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झ इथल्या एका हॉटेलात एका चिनी लेखकाने मॅकॅलन १८७८च्या एका पेल्यासाठी जवळपास १० हजार स्विस फ्रँक मोजले. शंका आल्यावर नमुना ऑक्सफर्डला गेला. ती व्हिस्की बहुधा १९७० ते १९७२मधली निघाली, आणि तीही मिश्रण. हॉटेलने सगळे पैसे परत केले. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठीय संशोधन केंद्रात दुर्मीळ म्हणवणाऱ्या ५५ बाटल्या तपासल्या, तर त्यांतल्या २१ बनावट किंवा लेबलावरच्या सालाशी न जुळणाऱ्या ठरल्या.

ही परीक्षा कार्बनची असते. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं आणि मग हळूहळू उतरत गेलं. बार्ली त्या त्या वर्षीच्या हवेतून कार्बन घेते, तोच दारूत उतरतो. त्यामुळे १८७८ची म्हणवणारी व्हिस्की अणुयुगाची खूण बाळगत असेल, तर ती तिथेच पकडली जाते.

ही तपासणी लाखमोलाच्या बाटलीलाच परवडते. आपल्यासाठी साधे उपाय पुरेसे. मुंबईत विलायती दारूच्या रिकाम्या बाटलीला भंगारवाला जास्त भाव का देतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सील आधी पाहावं. लेबलाचा कागद, काच आणि झाकण एकाच काळातले आहेत ना, हे ताडावं. बाटली उजेडासमोर धरून गढूळपणा किंवा गाळ बघावा. पातळी कुठे आहे ते पाहावं. झाकण बंद असलं तरी दशकानुदशकं थोडी वाफ निसटतेच. पातळी मानेत असेल तर उत्तम, खांद्याखाली गेली असेल तर किंमत घसरते. लेबल ओल्या फडक्याने पुसू नये. डागाळलेलं जुनं लेबल चालतं, फाटलेलं नाही. बाटली उभी ठेवावी. वाइन आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. व्हिस्कीतलं तीव्र अल्कोहोल बूच खाऊन टाकतं. आणि उन्हापासून दूर. या बाबतीत ट्रंक आणि धोतर यांहून चांगली व्यवस्था मला सुचली नसती. आमच्या बाटलीची पातळी खांद्याला टेकली होती, द्रव नितळ होता.

मोल

मग किंमत किती? मॅकॅलन १९२६च्या एकाच पिंपातून साठ वर्षांनी, १९८६मध्ये, फक्त ४० बाटल्या भरल्या गेल्या. म्हणून ती किंमत. पोर्ट एलन आणि ब्रोरा या भट्ट्या १९८३मध्ये बंद पडल्या, त्यामुळे त्यांचा जुना माल मर्यादित राहिला आणि भाव चढले. म्हणजे पैसा मोजला जातो तो दुर्मीळपणाला आणि एकाच भट्टीच्या सिंगल माल्टला, नुसत्या वयाला नव्हे. रेड लेबल हे अनेक भट्ट्यांच्या मालाचं मिश्रण, जगभर खपवण्यासाठी भरलेलं. साठच्या दशकातल्या तिच्या बाटल्या ब्रिटनमधल्या लिलावांत आजही येतात. मी पाहिलेल्या निकालांत त्या शंभर पौंडांच्या आगेमागे गेल्या होत्या. त्यातून अडत आणि वाहतूक वजा करायची.

आणि तेही ब्रिटनमध्ये. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. बाहेर 'परमिट रूम' अशी पाटी असते ती त्याच कायद्याची आठवण. पिण्यासाठी परवाना लागतो आणि विनापरवाना विक्री हा गुन्हा. घरातली बाटली कुणाला विकून चार पैसे करणं हा आपल्याकडे कायदेशीर मार्गच नाही. संग्राहकाच्या भाषेत तिला किंमत आहे, पण आमच्यासाठी बाजार नाही.

हे सगळं चुलतभावाला सांगताना मला जड गेलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पैशाचं सोड ताई. साहेब खोटा, हे आत्याला कोण सांगणार?"

साहेब कुठून आला?

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मी बाटली तिच्यासमोर ठेवली, राणीची ओळ दाखवली, एडनची चिठ्ठी दाखवली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"धाकट्याने आणली ती," ती म्हणाली.

धाकटा काका मालवाहू जहाजावर होता. अण्णांनी त्याला मॅट्रिकनंतर आपल्याच कंपनीत चिकटवण्याचं ठरवलं होतं. तो न सांगता जहाजावर गेला. पहिली सफर संपवून आला तेव्हा सगळ्यांसाठी काहीबाही घेऊन आला. आईला लुगडं, आत्याला अत्तर. आणि वडिलांसाठी ही बाटली, कारण त्याच्या जहाजावर मान द्यायचा तर हेच देत. मुंबईत १९५०पासून कडक दारूबंदी होती. परवाना नसलेल्या घरात बाटली सापडली तर पोलीस, आणि चाळीत कळलं तर त्याहून वाईट. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. काका चार दिवसांनी बोटीवर परत गेला. त्यानंतर तो घरी फार थोडा आला आणि पन्नाशीच्या आतच गेला.

"कुणी तरी पोरानं ट्रंकेत बघितली," आत्या म्हणाली. "तेव्हा आईने साहेबाचं सांगितलं. साहेबाची म्हटल्यावर कोण काय बोलणार? पुढे अण्णाही तेच सांगायला लागले."

मी विचारलं, इतका राग होता तर त्यांनी ती ठेवली कशाला?

"अगं, टाकायचीच असती तर मोरीत ओतायला कितीसा वेळ लागतो?"

जुन्या कागदांत खोटी तारीख सापडली की आम्ही कागद फेकून देत नाही. ती कुणी घातली, कधी घातली आणि घालण्याची गरज का पडली, हे शोधतो. पुष्कळदा खऱ्या मजकुरापेक्षा तिथेच जास्त कळतं. लेबलाने मला साल दिलं. अण्णांनी दर दिवाळीला ट्रंक आवरताना धोतराचा तुकडा बदलून बाटली पुन्हा त्याच जागी ठेवली, हे आत्याकडून कळलं.

चुलतभावाने रीतसर परवाना काढला. बाटली आता त्याच्या शिसवी कपाटात उभी आहे. तिच्याजवळ ठेवायला मी एक कार्ड लिहून दिलं, दप्तरातल्या नोंदीसारखं: 'जॉनी वॉकर रेड लेबल. सील अभंग. खरेदी एडन, अंदाजे १९६० ते १९६५. आणणारा, धाकटा मुलगा. सांभाळणारे, अण्णा.' लेकीच्या फीसाठी त्याने कर्ज घेतलं आहे. साहेबाची मिशी मात्र आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरून जायला अजून थोडा वेळ लागेल.